मेणाचं घर आणि उन्हाळा

माझी लेक साडेचार वर्षांची होती तेव्हा तिला रोज रात्री चिऊकाऊची गोष्ट लागायची. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. मोठ्ठा पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं आणि तो कुडकुडत चिऊच्या दाराशी येतो. "चिऊताई चिऊताई, दार उघड." "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते." "थांब, बाळाला तीट लावते." मी दिवसभराचा दमलेला असायचो. बाळाचं न्हाणं, पुसणं, पावडर, काजळ यांतलं एखादं काम हळूच गाळून गोष्ट आटोपती घ्यायला बघायचो आणि दर वेळी पकडला जायचो.

एका रात्री गोष्ट संपली, काऊ आत आला, सगळं झालं, तरी ती झोपेना.

"बाबा, मग उन्हाळा आला की?"

"उन्हाळा आला की काय?"

"मेण वितळेल ना. चिऊचं घर."

मी अंधारात उठून बसलो. चाळीस वर्षं ही गोष्ट ऐकतो-सांगतो आहे, पण मेणाच्या घराला ऊन लागेल हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तिचं मात्र पुढचंही ठरलेलं होतं. काऊने परत शेणाचंच घर बांधलं असेल, तर ते उन्हात कडक होईल, आजीच्या गावातल्या गोवऱ्यांसारखं. म्हणजे आता चिऊच काऊकडे जाईल.

एवढं सांगून ती झोपली. मी बराच वेळ जागा होतो. सिनेमाचा दुसरा भाग कसा असावा यावर मी पुष्कळ वाचलं होतं, मित्रांशी तावातावाने वादही घातले होते, आणि साडेचार वर्षांच्या पोरीने पांघरुणात तोंड खुपसून त्याचं उत्तर दिलं होतं. पहिल्या गोष्टीत जे घर वाचलं, तेच दुसऱ्या गोष्टीत वितळायला हवं.

मुलं गोष्ट संपल्यावर दोन प्रकारे पुढचं मागतात. एक म्हणजे "अजून सांग". त्याला काहीही चालतं. काऊ परत येतो, परत दार वाजवतो, चिऊ परत थांबवते. गंमत तीच, फक्त लांबण जास्त. दुसरा प्रकार म्हणजे "मग?". हा प्रश्न अवघड, कारण तो विचारणाऱ्याने पहिली गोष्ट खरी मानलेली असते. गोष्ट खरी असेल तर त्या जगात ऋतू बदलणार, माणसं मोठी होणार, आणि काल ज्याने निभावलं ते उद्या पुरणार नाही. कार्टून सिनेमांचे बहुतेक पुढचे भाग "अजून सांग" म्हणणाऱ्यासाठी काढलेले असतात. जे थोडे मनात राहतात ते "मग?"चं उत्तर शोधताना बनलेले असतात, असं माझं मत आहे. या मताला एकदोन ठिकाणी ठेच लागते, ते पुढे सांगतोच.

'टॉय स्टोरी'चा दुसरा भाग मी इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर पाहिला, कुणीतरी आणलेल्या सीडीवरून, एका संगणकापुढे आठ-नऊ जणांनी दाटीवाटीने बसून. परीक्षा संपल्या होत्या, म्हणून 'काहीतरी हलकंफुलकं' लावलं होतं. मध्ये जेसी नावाची काउगर्ल बाहुली आपली हकिगत सांगते. एमिली नावाच्या मुलीची ती लाडकी. झाडाला टांगलेल्या टायरचा झोका, घोडा-घोडा खेळणं. मग एमिलीच्या खोलीतली काउबॉयची चित्रं उतरतात, नेलपॉलिशच्या बाटल्या येतात, टेलिफोन येतो, आणि जेसी पलंगाखाली घरंगळते. कितीतरी काळाने एमिली तिला उचलते. जेसीला वाटतं, परत खेळ सुरू. गाडी थांबते ती रस्त्याच्या कडेला, जुन्या वस्तू दान करायच्या खोक्यापाशी. या सगळ्या प्रसंगात संवाद नाहीत. रँडी न्यूमनने लिहिलेलं गाणं सारा मॅक्लॉकलन गाते आणि पडद्यावर एक आख्खं बालपण तीनेक मिनिटांत सरतं. आमच्या खोलीत कुणी बोलेना. शेवटी एकाने "पंख्याचा स्पीड वाढवा रे" म्हटलं तेव्हा सगळे सुटले.

हा सिनेमा होता होता कसा वाचला, ते मला पुष्कळ नंतर वाचायला मिळालं. 1995चा पहिला 'टॉय स्टोरी' हा पूर्णपणे संगणकावर बनलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याच्या पुढचा भाग आधी थिएटरसाठी नव्हताच, थेट व्हिडिओ कॅसेटवर आणायचा बेत होता. त्या काळी डिस्नेचा तो चालू धंदा होता. 1994 साली अल्लादिनचा दुसरा भाग असा थेट कॅसेटवर आला, खपला, आणि मग सिंड्रेलापासून सिम्बापर्यंत सगळ्यांच्या कपाळी पुढचे भाग आले. 'टॉय स्टोरी' डिस्नेसाठी बनवणाऱ्या पिक्सार स्टुडिओत मुख्य मंडळी किड्यामुंग्यांच्या सिनेमात गुंतलेली, आणि हा दुसरा भाग नवख्या चमूकडे. मध्येच तो थिएटरला लावायचा ठरला. त्यातच 1998 मध्ये कुणीतरी संगणकाला चुकीची आज्ञा दिली आणि सिनेमाच्या फायली एकेक करून पुसल्या जाऊ लागल्या. आधी वुडीची, म्हणजे नायक असलेल्या काउबॉय बाहुल्याची टोपी, मग वुडी, मग बाकीचे. जपून ठेवलेली प्रतही नीट निघाली नाही. गॅलिन सुसमन ही तांत्रिक विभागातली बाई नुकतीच बाळंत झाली होती आणि घरून काम करत होती, म्हणून तिच्या घरच्या संगणकावर सिनेमाची एक प्रत होती. तो संगणक पांघरुणात गुंडाळून, गाडीच्या सीटला पट्ट्याने बांधून ऑफिसात आणला. घरी तान्हं बाळ, आणि गाडीत हे दुसरं बाळ.

हा किस्सा सगळे सांगतात. पुढचा भाग सहसा सांगत नाहीत, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. एवढ्या शर्थीने वाचवलेला तो सिनेमा वाचवण्यासारखा नव्हता. पहिल्या भागाचा दिग्दर्शक जॉन लॅसेटर आणि त्याचे साथीदार किड्यांच्या सिनेमातून मोकळे होऊन आले, त्यांनी झालेलं काम पाहिलं आणि कपाळाला हात लावला. प्रदर्शनाची तारीख पुढे ढकलायला डिस्ने तयार नव्हतं. मग गोष्ट जवळजवळ नव्याने रचून सुमारे नऊ महिन्यांत सिनेमा पुन्हा बनवला.

गोष्टीत चुकत काय होतं? पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनी ते लिहून ठेवलं आहे. वुडीला एक खेळणीवाला चोरून नेतो. तिथे वुडीला कळतं की आपण जुन्या टीव्ही मालिकेतलं दुर्मीळ खेळणं आहोत, आपल्याला टोकियोच्या संग्रहालयात काचेमागे कायमचा मान मिळणार आहे. मुक्काम संग्रहालयात करायचा की अँडीकडे, ज्या मुलाचं तो खेळणं आहे त्याच्याकडे, परतायचं? पण तो अँडीकडेच परतणार हे पहिल्या मिनिटाला सगळ्यांना ठाऊक असतं. पहिल्या सिनेमात सिद्धच झालंय की अँडीचं खेळणं असण्यातच सुख आहे. वुडीच्या बुटाच्या तळव्यावर अँडीचं नाव लिहिलेलं आहे. मेणाचं घर पक्कं आहे. मग प्रेक्षकाने जीव मुठीत धरून का बसावं?

त्यांनी दोन गोष्टी घातल्या. सुरुवातीला फळीवर धूळ खात पडलेला, शिट्टी बिघडलेला एक पेंग्विन. वुडीचा स्वतःचा हात उसवलाय आणि अँडी त्याला न घेता शिबिराला गेलाय, अशा वेळी हा पेंग्विन त्याला भेटतो. आणि मधोमध जेसीची ती हकिगत. एवढं झाल्यावर संग्रहालय मूर्खपणाचं वाटेनासं होतं. अँडी मोठा होणार आहे. खोक्यातून कधी बाहेरच न आलेला प्रॉस्पेक्टर नावाचा म्हातारा बाहुला वुडीला तोंडावर विचारतो, तो कॉलेजला जाताना तुला नेणार आहे का? मधुचंद्राला नेणार आहे का? उन्हाळा आला. दुरुस्ती करणारा म्हातारा वुडीच्या बुटावरचं नाव रंगाने झाकून टाकतो, आणि पुढे वुडी तो रंग स्वतः खरवडून काढतो तेव्हा त्याला पूर्ण माहीत असतं की हे नाव पुसलं जाणारच आहे. पहिल्या सिनेमाचं उत्तर तो पुन्हा निवडतो, पण या वेळी किंमत वाचून. तिथे माझ्या लेखी दुसरा भाग उभा राहिला.

त्या नऊ महिन्यांची किंमत माणसांनीही मोजली. सिनेमा संपेपर्यंत एक तृतीयांश लोकांना मनगटं-बोटं-खांद्यांची दुखणी जडली होती, असं कॅटमल लिहितात. आणि एक प्रसंग असा, की बाळाला पाळणाघरात सोडायला निघालेला एक कर्मचारी थकव्याच्या तंद्रीत थेट कामावर आला आणि बाळ उन्हात उभ्या गाडीत राहिलं. वेळेवर लक्षात आलं, बाळ वाचलं. लहान मुलाने खेळणं विसरू नये म्हणून जीव तोडून काम करणारा माणूस मूल विसरतो, हे वाचल्यावर जेसीचं ते गाणं मला आधीसारखं ऐकता येत नाही. चांगल्या कामाच्या कथा आपण फार चवीने सांगतो, त्यातलं हे पान पटकन उलटतो.

आता ठेच. 'लिटिल मर्मेड'चा दुसरा भाग 2000 साली थेट कॅसेटवर आला. त्याची कल्पना कागदावर माझ्या लेकीच्या उन्हाळ्याइतकीच चोख आहे. पहिल्या भागात एरियल ही जलपरी बापाचं न ऐकता समुद्र सोडून जमिनीवर आली. दुसऱ्यात ती आई आहे, मुलीच्या जिवाला समुद्राकडून धोका आहे, आणि तिने किल्ला आणि समुद्र यांच्यामध्ये भिंत बांधली आहे. म्हणजे बंडखोर मुलगी स्वतःच बाप झाली! यातून काय नाही करता आलं असतं! पण सिनेमा एरियलकडे बघतच नाही. तो मुलीच्या मागे पाण्यात उडी मारतो आणि आईने केलं तेच उलट्या बाजूने तिला करायला लावतो. प्राणी तसेच, चेटकीण तशीच, सौदा तसाच. वितळणारं घर दाखवलं, आणि कॅमेरा दुसऱ्याच घराकडे वळवला. तेव्हा ऊन आणणं पुरेसं नाही, त्या उन्हात थोडा वेळ बसावंही लागतं.

लहानपणी सांगलीला मारुतीच्या देवळात आजोबांबरोबर कीर्तनाला जायचो. बुवा पूर्वरंगात एक अभंग घेत, त्याचं निरूपण चालायचं, आणि आम्हा मुलांना पेंग यायची. मग मध्ये बुवांना हार, सगळ्यांना बुक्का, पेटीवाल्याला पाणी. उत्तररंगात आख्यान सुरू झालं की आम्ही टक्क जागे. पण आजोबांचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे असायचं. परत येताना म्हणायचे, आज बुवांनी अभंग सोडला नाही. किंवा नाक मुरडून, गोष्ट छान सांगितली पण अभंग कुठे गेला? आख्यान कितीही रंगलं तरी ते मूळ अभंगावर येऊन टेकलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. 'कार्स'चा दुसरा भाग पाहताना मला आजोबांचं नाक आठवलं. पहिल्यात वेगाची नशा चढलेली एक शर्यतीची गाडी आडगावात अडकते आणि थांबायला शिकते. दुसऱ्यात त्याच आडगावातली गंजकी टोइंग गाडी गुप्तहेर समजली जाते आणि टोकियो, इटली, लंडन असा पाठलाग सुरू होतो. आख्यान धावतंय, अभंग गॅरेजमध्ये. पोरांना आवडला. पोरांना शर्यतीतल्या सगळ्या गाड्या घ्यायच्या होत्या आणि दुकानं त्यासाठी सज्ज होती. तक्रार करणारा मी कोण.

'श्रेक'च्या दुसऱ्या भागाबद्दल दोनच वाक्यं. पहिल्यात राजकन्या शापातून सुटून सुंदर होण्याऐवजी राक्षसीणच होते आणि ती आणि श्रेक हा राक्षस सुखाने नांदू लागतात. दुसऱ्यात हा जावई पहिल्यांदा सासुरवाडीला जातो. हे ज्याने सुचवलं त्याचं स्वतःचं लग्न झालेलं असणार, आणि जेवणाच्या टेबलावरचा तो सासरा-जावयाचा प्रसंग पाहून माझे सासरेही हसले, थोडे जास्तच.

'टॉय स्टोरी'चा तिसरा भाग 2010 साली आला, दुसऱ्यानंतर अकरा वर्षांनी. मधल्या काळात डिस्ने आणि पिक्सार यांचं बिनसलं होतं. तेव्हा डिस्नेने पिक्सारला वगळून हा तिसरा भाग करायला वेगळा स्टुडिओच काढला होता. त्यांच्या गोष्टीत बझ हा अंतराळवीर बाहुला, वुडीचा दोस्त, बिघडतो, त्याला तैवानच्या कारखान्यात परत पाठवतात, आणि बाकीची खेळणी त्याला सोडवायला निघतात. वाईट नाही. पण या गोष्टीत अँडी कितीही वर्षांचा असला तरी चालतं. 2006 मध्ये डिस्नेने पिक्सार विकत घेतलं, तो स्टुडिओ बंद झाला, आणि पिक्सारच्या लोकांनी पुन्हा कोऱ्या कागदावर सुरुवात केली: अँडी सतरा वर्षांचा आहे, कॉलेजला निघालाय.

प्रॉस्पेक्टरने टाकलेला टोमणा, अकरा वर्षांनी खरा करून दाखवला. अँडीला पहिल्या दोन सिनेमांत आवाज दिला होता जॉन मॉरिस या लहान मुलाने. तिसऱ्यासाठी त्यांनी त्यालाच शोधून काढलं, तेव्हा तो पंचविशीत होता. म्हणजे पडद्यावरचा अँडी मोठा झाला तेव्हा त्याचा आवाज कुणी मोठ्याने नाटक करून काढलेला नाही. तो त्याच गळ्यात वाढलेला आहे. आणि ज्या मुलांनी 1995 मध्ये पहिला भाग आईबापाच्या मांडीवर पाहिला, तीही तेव्हा कॉलेजच्याच वयाची होती. असा योग पैशाने विकत मिळत नाही. वाट पाहावी लागते.

मी हा सिनेमा बायकोबरोबर पाहिला. आम्हाला अजून मूल नव्हतं. भट्टीच्या तोंडाशी सगळी खेळणी ओरडणं थांबवून एकमेकांचे हात धरतात, तिथे मी तग धरला. पण शेवटी अँडी खोक्यातून एकेक खेळणं काढून एका लहान मुलीला ओळख करून देतो, आणि तळाशी वुडी निघतो. तिने हात पुढे केल्यावर अँडी त्याला क्षणभर मागे ओढतो. संपलो. बायको म्हणाली, "अरे, खेळणी आहेत ती."

2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या सांगलीच्या घरात शिरलं. पाणी ओसरल्यावर मी गेलो तेव्हा गल्लीत दोन्ही बाजूंना गाद्या, कपाटं, फ्रिज, पुस्तकांचे लगदे यांचे ढीग होते आणि सगळ्याला तो एकच वास. तळमजल्यावरचं काही राहिलं नाही. राहिलं ते माळ्यावरचं. दिवाळीचे आकाशकंदील, लग्नातले न वापरलेले डिनर सेट, आणि एका पत्र्याच्या ट्रंकेत ताईची पितळी भातुकली आणि माझ्या चाकं निघालेल्या गाड्या. ज्या वस्तू आपण नको म्हणून वर टाकतो त्याच वाचतात, हे पुराचं एक विचित्र गणित. 'टॉय स्टोरी'च्या तिसऱ्या भागात सगळा घोळ याच्यावरूनच होतो. अँडी खेळणी माळ्यावर ठेवायला पिशवीत भरतो आणि त्याची आई ती कचरा समजून रस्त्यावर नेते.

माझ्या आईने भातुकली चिंचेने घासून लखलखीत केली आणि आठ वर्षांच्या नातीपुढे ठेवली. नात तेव्हा स्लाइमच्या नादात होती. तिने सभ्यपणे दोन मिनिटं चुलीवर पातेलं ठेवलं आणि "छान आहे, आजी" म्हणून उठली. आई काही बोलली नाही. शेजारच्या घरातल्या लहान पोरीचं दप्तरासकट सगळं पाण्यात गेलं होतं. आईने ती भातुकली परातीत मांडून तिला नेऊन दिली. मी बरोबर गेलो होतो. बंब, घंगाळ, कढई, किसणी सगळं दिलं, आणि निघताना एक बोटभर उंचीचं जातं पदराआड परत आणलं. मी बघितलं हे तिला कळलं. "ते ढिलं झालंय," म्हणाली, "पोरीच्या पायावर पडायचं."

अँडीने वुडी दिला. आईने दिला नाही.

काळ थांबवूनही चांगला दुसरा भाग होतो का? होतो, 'इन्क्रेडिबल्स'चा झाला. पहिल्यानंतर चौदा वर्षांनी, 2018 मध्ये आला आणि पहिला जिथे थांबला त्याच क्षणापासून सुरू झाला. बाळ अजून बाळच. आई अतिमानवी कामगिरीवर बाहेर आणि बाप घरात तान्ह्याचं आवरत, मोठ्याच्या नव्या पद्धतीच्या गणिताशी झुंजत. त्यातला तो बाप पाहून मी आणि माझ्यासारखे पुष्कळ जण कसनुसं हसले. पण घरी आल्यावर आठवत राहिलं ते बाळ आणि रॅकूनचं भांडण, बाकी विरघळलं. पहिला भाग पाहिलेली आठ वर्षांची मुलं बावीस वर्षांची होऊन आली होती, आणि पडद्यावरच्या मंडळींना त्याची खबरच नव्हती. सिनेमाने अफाट धंदा केला. गल्ल्याच्या हिशेबात तो यशस्वीच, आणि तो हिशेब खोटा नाही. माझा हिशेब वेगळा, एवढंच. आमच्या घरात 'मोआना'चा पहिला भाग किती वेळा लागला याची गणती नाही. आधी मालिका म्हणून सुरू झालेला आणि मग सिनेमा केलेला त्याचा दुसरा भाग 2024 च्या शेवटी आला, त्यानेही जगभरात खोऱ्याने पैसा ओढला. आमच्याकडे तो एकदा लागला.

त्याच वर्षी जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्या रविवारी, लेक आणि मी 'इनसाइड आउट'च्या दुसऱ्या भागाला गेलो. पहिला भाग तिचा पाठ. रायली नावाच्या मुलीच्या डोक्यात आनंद, दुःख, राग, भीती, किळस या पाच भावना एका नियंत्रण-कक्षात बसून तिला चालवतात. शेवटी आनंदला कळतं की दुःखालाही बटण दाबू द्यावं लागतं. सगळं जुळून येतं, नवीन मोठा फळा बसवला जातो, आणि त्याच्यावर एक लाल दिवा असतो: वयात येणं. हे काय असेल बरं, म्हणून त्या दुर्लक्ष करतात. 2015 मध्ये आम्ही मोठे त्यावर हसलो होतो, बाजूला बसलेल्या लेकरांना काही कळलं नव्हतं. आता तो दिवा वाजला. रायली तेरा वर्षांची. माझी लेकही तेरा वर्षांची. ती माझ्या शेजारी न बसता एक खुर्ची सोडून बसली, कारण शाळेतल्या मैत्रिणी असण्याची शक्यता होती. पॉपकॉर्न मात्र मधल्या खुर्चीवर.

या सिनेमात घर कसं वितळतं ते पाहण्यासारखं आहे. पहिल्या भागात आनंदने दुःखाला जागा दिली होती. दुसऱ्यात ती शहाणी झाली आहे आणि त्या शहाणपणाने तिने एक यंत्र बनवलंय. रायलीच्या लाजिरवाण्या, वाईट आठवणी त्यातून मनाच्या पार पलीकडे फेकून द्यायच्या. निवडक चांगल्या आठवणींतून तिचा 'मी' विणला जातो: मी चांगली मुलगी आहे. किती गोड! प्रत्येक आईबाप हेच करतो. आणि मग नव्या भावना येतात, त्यांची म्होरकी ती केशरी, विस्कटल्या केसांची, बॅगा घेऊन आलेली. इंग्रजीत तिचं नाव अँग्झायटी.

परतताना रिक्षात आम्ही तिला मराठीत काय म्हणायचं यावर बराच खल केला. चिंता म्हटलं तर फार वयस्कर वाटते. धास्ती जवळची, पण धास्तीला कारण असतं. धाकधूक निकालाच्या आदल्या रात्रीची. घालमेल चांगला, हुरहूर फारच कवितेतला. मग लेक म्हणाली, "काळजी." आणि आम्ही दोघं थांबलो. मराठीत काळजी वाटते आणि काळजी घेतातही. एकच शब्द. ती केशरी पोरगी सबंध सिनेमाभर नेमकं हेच करते. रायलीची काळजी घेते असं समजून तिला काळजीत बुडवते. उद्या हॉकीच्या निवडीत काय काय बिघडेल याची चित्रं ती रात्रभर काढून घेते. वाईट नाहीच ती. आमच्या घरात तर दार लावताना "काळजी घे" म्हटल्याशिवाय कुणी कुणाला सोडत नाही.

हा सिनेमा करताना त्यांनी नऊ किशोरवयीन मुलींना वेळोवेळी कच्चं काम दाखवून त्यांचं ऐकून घेतलं. ते जाणवतं. शेवटाकडे रायली मैदानाच्या कडेला, शिक्षेच्या चौकटीत बसलेली असते आणि छाती धडधडायला लागते, श्वास लागत नाही. तिथे सिनेमा संगीत, विनोद, सगळं बाजूला ठेवून बाकावर घट्ट धरलेला तिचा हात दाखवतो. पॉपकॉर्नवरून हात थांबल्याचा आवाज मला मधल्या खुर्चीवरून आला. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही एवढी अक्कल मला तिने आधीच्या सहा महिन्यांत शिकवली होती.

मला वाटलं होतं, आता आनंद येईल, काळजीला हाकलेल, चांगल्या मुलीचा 'मी' परत बसवेल. तसं होत नाही. आनंद येते आणि स्वतः बनवलेला तो सुंदर 'मी'ही उपटून काढते. तिचीही चूक होती. मग फेकलेल्या आठवणींसकट जे उगवतं ते एकसारखं नसतं. मी चांगली आहे, मी स्वार्थी आहे, मला मदत लागते, सगळं आळीपाळीने. पहिल्या सिनेमाच्या नायिकेने दुसऱ्या सिनेमात आपलंच घर हाताने पाडलं, एवढं धाडस मुलांच्या सिनेमात मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. लोकांनीही तो डोक्यावर घेतला. त्याने दीड अब्ज डॉलर्सच्या वर कमाई केली. एवढी रक्कम फक्त "अजून सांग" म्हणणाऱ्या पोरांच्या तिकिटांतून येत नसावी. एक खुर्ची सोडून बसलेल्यांनीही त्यात भर घातली असणार.

रिक्षात तिने एवढंच विचारलं, "बाबा, तुला होतं का कधी असं? श्वास बिस?"

"होतं," म्हटलं. "पगार होतो त्याच्या आदल्या आठवड्यात."

ती हसली. तेवढ्यावर आम्ही दोघांनी तो विषय ठेवून दिला, माळ्यावर.

गेल्या मे महिन्यात ताईचा नातू आला होता, चार वर्षांचा. वीज गेलेली, गच्चीवर गाद्या टाकलेल्या. त्याला झोपवायचं काम लेकीवर आलं. मी पलीकडे पाठ करून पडलो होतो. तिने चिऊकाऊची गोष्ट सुरू केली आणि पाऊस, शेण, मेण सगळं झपाझप उरकलं, बाळाची पावडर सरळ गाळली. पोराने पकडलं. पावडर लावावी लागली. मग गोष्ट संपली आणि ती थांबली नाही. "मग उन्हाळा आला," म्हणाली. मेण टपटप गळायला लागलं, आधी खिडकी, मग दार. चिऊ बाळाला उचलून निघाली. काऊचं घर उन्हाने कडक झालं होतं. तिने टकटक केलं. "काऊदादा काऊदादा, दार उघड."

पोरगं उठून बसलं. "मग काऊ दार उघडतो?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. खालून कुणीतरी हातपंखा मागत होतं.

"उघडतो," ती म्हणाली. "पण लगेच नाही."